इंजिनाने दिलेली वारीची साक्ष

आषाढ शुद्ध एकादशी जवळ येऊ लागली की वऱ्हाडातील भाविक मनाची स्थिती माहेराची वाट पाहणाऱ्या सासुरवाशिणीसारखी होते. आणि ते योग्यच आहे. वर्धेच्या तीरावरील कौंडण्यपूर हे रुक्मिणीमातेचे माहेर. तेथून तिची पालखी शतकानुशतके पंढरीस पायी जात आली आहे. ज्यांचे पाय धड आहेत ते पालखीबरोबर चालतात. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, ज्यांना शेताची पेरणी सोडवत नाही, त्यांच्यासाठी आमच्या भागात पंढरीची पहिली पायरी म्हणजे बडनेरा स्टेशन होय. मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळ, बडनेरा, वर्धा करीत १८६७ साली नागपुरास पोहोचला. तेव्हापासून बडनेऱ्याच्या फलाटाने किती टाळ-मृदंग ऐकले असतील, किती तुळशीमाळा पाहिल्या असतील, याची गणती कोणी करावी!

याच फलाटाशी निगडित असलेली एक हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहे. ती एका वारीची आहे आणि एका आगगाडीच्या इंजिनाचीही आहे. एकादशीच्या दिवशी इंजिनाचे काय काम, असे कोणी विचारील. हकीकत संपेपर्यंत त्या प्रश्नाला उत्तर मिळेल, अशी आशा आहे.

गतवर्षी बडनेऱ्यात एका सत्शील कुटुंबात कीर्तनाचा योग आला. कीर्तन आटोपल्यावर यजमानांच्या वृद्ध मातोश्रींनी मला आतल्या खोलीत बोलावले. वय पंच्याऐंशीच्या पुढे, दृष्टी मंद, परंतु वाणी स्वच्छ. त्या म्हणाल्या, "महाराज, तुम्ही शास्त्र शिकलेले. आमच्या घरी एक जुनी फिल्म आहे. ती पाहून एवढंच सांगा, मामंजी पंढरीला पोचले होते का हो?"

त्यांचे सासरे चोवीस वर्षे न चुकता आषाढी करीत असत. १९६४ साली निघण्याच्या आदल्या रात्री त्यांच्या अंगात ताप होता. ही गोष्ट घरात फक्त धाकट्या सुनेला, म्हणजे या मातोश्रींना ठाऊक होती. "विठोबाची शपथ, कोणाला सांगू नकोस," असे सासऱ्यांनी बजावले आणि सुनेने ते पाळले. मुंबईहून आलेला एक भाचा त्यांच्यासोबत गेला. बारा दिवसांनी त्याने मामांना परत आणले तेव्हा अर्धांगवायूने त्यांची वाचा गेलेली होती. श्रावणात ते वारले. कोणी म्हणे, मूर्तिजापुरासच प्रकृती बिघडली म्हणून उतरविले आणि तेथील नातलगाकडे ठेवले. कोणी म्हणे, नाही, दर्शन झाले होते. भाच्याने पुरुषमंडळींना काय सांगितले ते माजघरापर्यंत आले नाही. आज त्यांतील कोणीही हयात नाही. "मी तेव्हा तोंड उघडलं असतं, तर त्यांची वारी अशी अर्ध्यावर मोडली नसती," हे शल्य त्या माउलीने साठ वर्षे उरी बाळगले होते.

भाच्याजवळ हौसेचा सिनेमा-कॅमेरा होता. त्याने काढलेली आठ मिलिमीटरची फिल्म पुढे कधीतरी टपालाने घरी आली. मूळ फिल्म आज नाही. जुन्या फिल्मांना जशी व्हिनेगरसारखी आंबूस घाण सुटते व त्या आक्रसून जातात, तशीच तिची गत झाली. परंतु तिची एक नक्कल कोणीतरी वेळीच करून ठेवली होती. त्या काळच्या अशा एका रिळात जेमतेम चार मिनिटांचे चित्रण मावत असे. आवाज नाही, निवेदन नाही, तारीख नाही. पहिला भाग घरच्या अंगणातील, दुसरा मोठ्या गाडीचा, तिसरा एका छोट्या गाडीचा.

प्रथमच एक कबुली देतो. ती छोटी गाडी पाहताच मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "ही तर आपली शकुंतला!" अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ या मार्गावरील त्या लहान गाडीत मी बालपणी अनेकदा बसलो आहे. तिची शिटी माझ्या कानांत आहे. प्रेमामुळे मी ओळख पटविली, पुराव्यामुळे नव्हे. माझे शब्द ऐकताच मातोश्रींचा चेहरा उतरला. मूर्तिजापूर! म्हणजे लोक म्हणत तेच खरे. त्या काही बोलल्या नाहीत. पदराने डोळे पुसून देवघराकडे गेल्या.

त्या रात्री मला झोप आली नाही. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातील अनुमानाचे पहिले उदाहरण आम्ही विद्यार्थिदशेत घोकले. परंतु धुके किंवा धूळ पाहून धूर समजणारा फसतो, हेही त्याच शास्त्राने शिकविले. खोट्या हेतूला हेत्वाभास म्हणतात. आयुष्यभर लोकांना विवेक सांगणाऱ्याने एका वृद्धेच्या जिवाशी निगडित प्रश्नात हेत्वाभासाचा आधार घ्यावा, हा वाणीचा केवढा दोष! दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या घरी गेलो आणि "चार दिवस द्या, नीट पाहून सांगतो," असे म्हणालो.

बडनेऱ्यातच राहणाऱ्या एका निवृत्त इंजिन-ड्रायव्हरांना मी सोबत घेतले. उमेदवारीत त्यांनी फायरमन म्हणून कोळसा टाकला होता. त्यांनी सांगितलेली पहिली गोष्ट अशी : इंजिन ओळखायचे तर धुराकडे पाहू नका, चाके मोजा. जसे वृत्त ओळखण्यास आपण गण मोजतो, तसेच हे. पुढची लहान चाके, मधली जोडलेली मोठी चाके आणि मागची लहान चाके यांचा क्रम म्हणजे इंजिनाचे वृत्त. चित्रात एकच बाजू दिसते, म्हणून मोजलेल्या संख्येची दुप्पट करावयाची.

फिल्मच्या दुसऱ्या भागातील मोठ्या इंजिनाला पुढे दोन, मध्ये तीन मोठी आणि मागे एक चाक दिसत होते, म्हणजे चार-सहा-दोन. शिवाय त्याचे नाक गोळीसारखे निमुळते आणि त्यावर दिव्याभोवती रंगविलेली चांदणी. "हे डब्ल्यूपी," ड्रायव्हर म्हणाले. डब्ल्यू हे अक्षर ब्रॉडगेजचे, वाय मीटरगेजचे, झेड नॅरोगेजचे. पुढचे पी हे पॅसेंजर गाड्यांचे आणि जी हे मालगाड्यांचे. डब्ल्यूपी जातीची इंजिने १९४७ पासून आपल्याकडे आली आणि १९६७ पर्यंत साडेसातशेंहून अधिक बांधली गेली. अखेरची काही वर्षे ती चित्तरंजन येथील आपल्याच कारखान्यात तयार होत होती. तिचे मालगाडीचे भावंड डब्ल्यूजी. त्याच्या एका बाजूस एक लहान, चार मोठी, एक लहान अशी चाके असतात आणि तोंड सपाट असते. या जातीचे अखेरचे इंजिन १९७० च्या जूनमध्ये चित्तरंजनहून बाहेर पडले व त्याचे नाव 'अंतिम सितारा' ठेवण्यात आले.

इंजिनामागे कोळसा व पाणी वाहणारा टेंडर असतो. त्यावरील अक्षरे ही दुसरी खूण. टेंडरवर रेल्वेच्या नावाची अक्षरे अंधुक दिसत होती. मध्य रेल्वे स्थापन झाली ती ५ नोव्हेंबर १९५१ रोजी. त्यापूर्वी हा मार्ग जी.आय.पी. रेल्वेचा होता. म्हणजे चित्रण १९५१ नंतरचे. तिसरी खूण तर न दिसणारी आहे. मीमांसक व वेदान्ती अनुपलब्धी हे प्रमाण मानतात : भूतलावर घट दिसत नाही म्हणून तेथे घट नाही. त्या फलाटावर विजेच्या तारा व त्यांचे खांब नव्हते. आमच्या या मार्गाचे विद्युतीकरण १९९० च्या सुमारास झाले. म्हणून चित्रण त्यापूर्वीचे. १९६४ या कौटुंबिक स्मृतीला बाध येईल असे येथवर काही आढळले नाही.

परंतु टेंडरवरील 'म' हे अक्षर वाचताना मी अडखळलो. त्याची उभी रेघ डावीकडे होती. नजरेचा दोष म्हणावा, तर तसे नव्हते. मग मला अंगणातील पहिला भाग आठवला. त्यात ते वृद्ध गृहस्थ उघड्या अंगाने तुळशीची पूजा करीत होते आणि त्यांचे जानवे उजव्या खांद्यावर होते! पितृकर्माखेरीज जानवे अपसव्य करीत नाहीत, हे लहान मुलालाही ठाऊक असते. घरातील काहींनी तो अशुभ संकेत मानून त्याविषयी बोलणेच सोडले होते. खरा प्रकार साधा होता. नक्कल करतेवेळी फिल्म उलट्या बाजूने लावली गेली होती. आरशात डावे ते उजवे दिसावे, तसे सारे चित्र उलटे झाले होते. चित्र पुन्हा पालटून घेताच जानवे डाव्या खांद्यावर आले, 'म'ची रेघ उजवीकडे आली आणि साठ वर्षांचा एक अपशकुन एका क्षणात नाहीसा झाला.

आता तिसऱ्या भागाकडे वळू. येथे इंजिन ठेंगणे. शेजारी उभ्या माणसाच्या मानाने त्याची उंची सहज कळते. रूळ जवळजवळ. ब्रॉडगेजच्या दोन रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर, तर या नॅरोगेजमध्ये ७६२ मिलिमीटर, म्हणजे निम्म्याहूनही कमी. नागपूरच्या मोतीबाग येथे २००२ साली नॅरोगेजचे संग्रहालय सुरू झाले. गवय हे जनावर गाईसारखे असते असे ऐकलेला मनुष्य अरण्यात ते पाहून ओळखतो, याला शास्त्रात उपमान म्हणतात. संग्रहालयातील इंजिने डोळे भरून पाहिल्यावर फिल्ममधील इंजिन नॅरोगेजचे आहे याविषयी तिळमात्र शंका उरली नाही. मात्र ते कोणत्या मार्गावरचे, हे केवळ त्याच्या बांध्यावरून सांगता येईना. आमच्या शकुंतलेचे, वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालेले इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले; ते १९९४ च्या एप्रिलमध्ये निवृत्त झाले. बार्शी लाइट रेल्वेचा मार्गही त्याच रुंदीचा. क्रमांकाची पाटी धुराने झाकलेली. येथे प्रामाणिक ड्रायव्हरांनी हात जोडले : "महाराज, एवढ्यावरून मी सही करणार नाही." हा त्यांचा नकार मला एखाद्या शास्त्रज्ञाच्या होकाराहून मोलाचा वाटला.

मग आम्ही इंजिनाच्या पाठीमागे पाहिले. मागे ब्रॉडगेजचे डबे उभे होते. एकाच चौकटीत मोठा व छोटा असे दोन्ही मार्ग! म्हणजे हे जंक्शन. बडनेऱ्याहून पंढरीस जाण्याचा त्या काळचा रेल्वेमार्ग असा : भुसावळ, मनमाड, तेथून दौंड, पुढे कुर्डुवाडी आणि कुर्डुवाडीस गाडी बदलून पंढरपूर. या वाटेवर नॅरोगेजचे फाटे फुटत ती जंक्शने चार : यवतमाळ व अचलपूरकडे जाणारे मूर्तिजापूर, जामनेरकडे जाणारे पाचोरा, बारामतीकडे जाणारे दौंड आणि बार्शी व पंढरपूरकडे जाणारे कुर्डुवाडी. चित्र या चारांपैकी एका ठिकाणचे असले पाहिजे.

गर्दीच्या डोक्यांवरून स्टेशनच्या नावाच्या पाटीचा एक कोपरा दिसत होता. शिरोरेघेच्या वर एक वळण आणि खाली उभी रेघ, इतकेच. उलट्या चित्रात ती पहिली वेलांटी वाटे आणि म्हणून घरच्यांनी तो 'मूर्ति'मधला 'ति' मानला होता. चित्र सुलटे करताच ती वेलांटी पाटीच्या अगदी शेवटी आली, आणि ती दुसरी वेलांटी होती. आता परिशेष लावावयाचा, म्हणजे एकेक पर्याय वगळीत जावयाचे. मूर्तिजापूरच्या शेवटी 'र', पाचोऱ्याच्या शेवटी 'रा', दौंडच्या शेवटी 'ड'. दीर्घ ईकाराने संपणारे नाव चारांत एकच, कुर्डुवाडी.

कुर्डुवाडी! एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे उभारली. तिचा कुर्डुवाडी–बार्शी हा पहिला भाग १८९७ साली सुरू झाला आणि १९०६ साली तिचे रूळ पंढरपुरास पोहोचले. १९५४ साली ती सरकारने ताब्यात घेतली. चंद्रभागेच्या वाटेवरील ती छोटी गाडी कित्येक पिढ्यांच्या वारकऱ्यांनी अंगावर कोळशाची काजळी घेत अनुभवली आहे. आज तो मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. अलीकडील वर्षांत आषाढीसाठी नवी अमरावतीहून निघणारी विशेष गाडी थेट पंढरपुरास जाते. कुर्डुवाडीस गाडी बदलण्याची धांदल, छोट्या डब्यात जागा धरण्याची घाई, हे सारे आता वृद्धांच्या आठवणींतच उरले आहे.

फिल्मच्या अखेरच्या काही क्षणांत ते गृहस्थ छोट्या गाडीच्या खिडकीशी बसलेले दिसतात. कपाळी बुक्का, गळ्यात माळ. ते कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत, पुढे पाहतात. गाडी हलते. फिल्म संपते.

मी मातोश्रींपुढे बसलो आणि सारे क्रमाने सांगितले. प्रथम माझ्या घाईच्या शब्दांबद्दल क्षमा मागितली. नंतर म्हणालो, "आई, तुमचे मामंजी मूर्तिजापुरास उतरले नव्हते. ते कुर्डुवाडीस पोहोचले आणि पुढच्या छोट्या गाडीतही बसले. पण खोटे बोलणार नाही. कुर्डुवाडीहून पंढरी पन्नासेक किलोमीटर राहते. त्यापुढचे चित्र नाही. राउळात ते उभे राहिले, असे ही फिल्म सांगत नाही." तेथून बार्शी-लातूरकडेही छोटी गाडी जात असे, परंतु आषाढात माळ घालून निघालेला वारकरी कोणत्या दिशेच्या गाडीत बसेल, हे सांगण्यास अर्थापत्तीचे प्रमाण पुरेसे आहे. पुष्ट देवदत्त दिवसा जेवत नसेल तर रात्री जेवत असला पाहिजे, तसेच हे.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी पुन्हा एकदा ती खिडकी दाखवावयास सांगितली. मंद दृष्टीने त्यांना किती दिसले असेल कोण जाणे. परंतु त्या हसल्या. म्हणाल्या, "कुर्डुवाडीपर्यंत गेले ना महाराज? तिथपर्यंत इंजिनानं नेलं. तिथून पुढं न्यायला तो आहेच की!" आणि देवघराकडे वळून त्यांनी हात जोडले. साठ वर्षांनी त्या घरात त्या वारीचे नाव मोकळेपणाने उच्चारले गेले.

वाचकहो, शास्त्रात 'तोच हा देवदत्त' असे प्रत्यभिज्ञेचे उदाहरण देतात. पूर्वी पाहिलेला आणि आता दिसणारा एकच, ही ओळख पटणे म्हणजे प्रत्यभिज्ञा. भक्ताला विटेवरचा तो आणि हृदयातला हा एकच असे उमगते, तीही प्रत्यभिज्ञाच. परंतु खरी ओळख पटण्यास आधी खोटी ओळख सोडावी लागते. मला शकुंतलेचा मोह सोडावा लागला, घरच्यांना अपशकुनाचे भय सोडावे लागले, आणि त्या माउलीला स्वतःवरचा आरोप सोडावा लागला.

१८९६ च्या ७ जुलै रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आपल्या देशात प्रथम चलच्चित्रे दाखविली गेली. त्यांतील एक स्टेशनात येणाऱ्या आगगाडीचे होते. म्हणजे चित्र आणि आगगाडी यांचा सोबतीचा प्रवास फार जुना आहे. ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित गाडी १९९५ अखेर आपल्या देशातून गेली. पण तुमच्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या साड्यांच्या घड्यांखाली अशी एखादी फिल्म पडून असेल. तिला आंबूस वास येत असेल तर उशीर करू नका. जुन्या यंत्रावर ती फिरवून पाहण्याचा मोह टाळा, तुटून जाईल. कोरड्या व थंड जागी ठेवा आणि जाणकाराकडून तिची नक्कल करून घ्या. नक्कल हाती येताच प्रथम एखादे अक्षर शोधून ती सुलटी आहे ना, हे पाहा. नंतर चाके मोजा, टेंडरची अक्षरे वाचा, रुळांतील अंतर पाहा, तारा आहेत की नाहीत ते पाहा, पाटीचा कोपराही सोडू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घरातील वृद्ध माणसाला शेजारी बसवून तो काय सांगतो ते लिहून ठेवा. आप्तवाक्य हेही प्रमाणच आहे, आणि ते फिल्मपेक्षाही लवकर नाहीसे होते.

यंदा एकादशीस त्या घरी पुन्हा कीर्तन आहे. मातोश्रींनी निरोप धाडला आहे की आख्यान कोणतेही लावा, पण गजर झाल्यावर ती छोटी गाडी सर्वांना एकदा दाखवा. बडनेऱ्याहून निघालेल्या त्या वारकऱ्याला निरोप देण्याचे राहून गेले होते. ते आता देऊ या.